बुधरीची नजर

बुधरी हलामीला रिनाचा हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बुधरी स्वतः ते कुणाला सांगणाऱ्यातली नव्हती, देवालासुद्धा नाही. देवाला ती सांगायची ते असं: प्रभू, आमच्या अंकुशच्या बायकोला नम्रता दे. तेही मनातल्या मनात नाही, बायकांच्या सभेत, मोठ्यानं, रिना समोर बसलेली असताना. रिना डोळे मिटून मनापासून 'आमेन' म्हणायची. मग बुधरीच्या पोटात आणखीच दुखायचं.

धानोऱ्याहून आत गेलं की एका ठिकाणी डांबर संपतं आणि मुरमाचा रस्ता लागतो. त्या रस्त्यावरच्या टोल्यात, म्हणजे लहानशा वस्तीत, बुधरीचं घर. टोल्यातली बहुतेक घरं बापजाद्यांच्या देवांना मानणारी, ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्या घरांतल्या बायकांमध्ये सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतला तो बुधरीनं. आणि बाप्तिस्म्याहून मोठी गोष्ट तिनं केली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात.

पाळी आली की बाईनं टोल्याबाहेरच्या कुर्माघरात जाऊन राहायचं, ही तिकडची रीत. छप्पर गळकं, दाराचा पत्ता नाही, जेवण कुणीतरी लांबून ठेवून जाणार. कुर्मातल्या बाईचा हात घरात लागला तर देव कोपतो, जंगलात गेलेल्या माणसाला जनावर धरतं, अशी समज. महिन्यातून एकदा येणाऱ्या पास्टरनं बोलता बोलता सांगितलं होतं की येशूनं कुठल्या बाईचा विटाळ मानला नाही. एवढ्या एका वाक्यावर बुधरी त्या महिन्यात कुर्माघरात गेली नाही. स्वतःच्या सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, घोंगडं टाकून बसली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, आणि पुढं वर्षभर टोल्यात कुणी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. सासूनं बोलणं टाकलं. नवरा चैतू मधल्या मध्ये सापडला, पण गप्प राहिला तो बायकोच्या बाजूनं. त्याच्याकडून तेवढंही खूप झालं. जंगलात कुणाला जनावरानं धरलं नाही. हळूहळू दुसऱ्या ख्रिस्ती बायकाही आपापल्या घरात राहू लागल्या.

तेव्हापासून बायकांची बुधवारची सभा बुधरीच्या सपरीत भरायची. मधल्या खांबाला टेकून ती बसायची, गोंडीतून लांबलचक प्रार्थना करायची. कुणाची सून रुसली, कुणाचं वासरू हरवलं, सगळ्या तिच्याकडे यायच्या. बुधरीकडे मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय? मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडचाच झाला. धानाचं शेत, तेही दिराबरोबर सामायिक. पण ती पहिली होती. हे पहिलेपण कुणी हिसकावून घेऊ शकत नाही असं तिला वाटायचं, आणि माणसाला असं काही वाटलं की तिथंच घोडं अडतं.

अंकुश हा तिच्या दिराचा मुलगा. घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात ठेक्यावर होता, तिथं त्याचं रिनाशी जुळलं. रिनाचा बाप कोळशाच्या खाणीत, घर चर्चला लागून, लहानपणापासून पेटीवर गाणारी पोर. ठेका संपला तसा अंकुश बायकोला घेऊन टोल्यात परतला. अंकुश बुधरीला मोठीमाय म्हणायचा, म्हणून रिनाही मोठीमाय म्हणू लागली. पहिल्या बुधवारी तिनं एक गाणं म्हटलं. दुसऱ्या बुधवारी बायकांनी तिला आणखी दोन म्हणायला लावली. तिला गोंडी येत नाही म्हणून सभा आपोआप मराठीत होऊ लागली, आणि हे कुणी ठरवलं असं बुधरीनं विचारलं तेव्हा सुकरी म्हातारी म्हणाली की ठरवायचं काय त्यात, लेकीला समजलं पाहिजे ना. सुकरीला बुधरीनं सभेत आणलं होतं. ती आता रिनाला लेक म्हणत होती.

मग रिनानं एक नवंच सुरू केलं. प्रत्येक बुधवारी एकीनं आपल्या मनात अजून घर करून असलेली एक समजूत सांगायची, मग रिना बायबल उघडून त्यावर काय लिहिलंय ते वाचणार, सगळ्या मिळून बोलणार, आणि पटलं तर त्या बाईनं ती समजूत तिथंच सोडायची. बायकांना हे फार आवडलं. सुकरीनं सांगितलं की घरावर घुबड ओरडलं की तिला अजून मरण दिसतं. रिनानं वाचून दाखवलं की एक चिमणीसुद्धा स्वर्गातल्या बापाच्या इच्छेवाचून जमिनीवर पडत नाही, मग घुबडाला कुठला अधिकार? सुकरी खूश झाली. घुबड बिचारं उगाच बदनाम झालं म्हणाली. एकीनं सांगितलं की लेकराला ताप आला की ती प्रार्थना करते, पण अंगारा आणून उशाखाली ठेवते, म्हणजे दोन्हीकडून बरं. सगळ्या हसल्या, कारण सगळ्यांच्या उशाखाली काही ना काही होतंच.

एका बुधवारी विषय निघाला कुर्माचा. रिनानं त्या बाईची गोष्ट वाचली, जिचं रक्त वर्षानुवर्षं थांबत नव्हतं आणि जिनं गर्दीत शिरून येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावला. तो तिच्यावर ओरडला नाही, तिला 'लेकी' म्हणाला. सपरीत सगळ्यांच्या डोळ्यांना पदर लागले. एक तरुण सून हुंदके देत म्हणाली की हे आपल्याला आधी कुणी सांगितलंच नाही.

बुधरी खांबाला टेकून बसली होती, ती ताठ झाली. कुणी सांगितलं नाही? ती काय वर्षभर हौसेनं वाळीत राहिली होती? जिनं कुर्माघर आतून पाहिलं नाही, त्या घुग्घुसच्या पोरीनं वाचून बायकांना रडवलं, आणि जी त्यातून चालत बाहेर आली तिच्याकडे एकीनंही मान वळवली नाही. त्या दिवशी चैतूला जेवण वाढताना तिनं भाताचं पातेलं असं आदळलं की तो काही न विचारता जेवून शेताकडे निघून गेला.

समजूत सांगायची वेळ बुधरीवर आली की ती म्हणायची, माझ्याकडे सोडण्यासारखं काही उरलं नाही, मी सगळं कधीच सोडलं. रिना म्हणायची, हो मोठीमाय, तुम्ही तर पहिल्या. तिनं हे साध्या मनानं म्हटलेलं असायचं, पण हेवेखोर कानाला सगळं टोमण्यासारखं ऐकू येतं.

आणि बुधरी खोटं बोलत होती. तिच्याकडे एक उरलेलं होतं.

लहानपणी मावशीच्या घरी एक दुभती गाय होती. बुधरीनं तिच्याकडे बघून म्हटलं, किती दूध देते ही. चार दिवसांत गाय आटली. तेव्हापासून माहेरी सगळे म्हणू लागले की या पोरीची नजर कडक आहे. लग्नात तिला नवरीसमोर जाऊ देत नसत. कुणाकडे बाळ झालं की आई तिला सांगायची, आधी बाळाच्या पायांकडे बघ, तोंडाकडे नको. ख्रिस्ती मंडळीत आल्यावर पास्टरनं सांगितलं की नजर वगैरे काही नसते, तेव्हा तिनं मान डोलावली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. बाळांकडे ती अजूनही आधी पायांकडेच बघायची. आणि खरं सांगायचं तर, पोटाच्या अगदी तळाशी, तिला त्या नजरेचा थोडा अभिमानही होता. गरीब बाईच्या डोळ्यांत एवढा जोर आहे, ही काही अगदीच टाकून देण्यासारखी गोष्ट नव्हती.

रिनाला मुलगी झाली, दिव्यानी. बाळासाठी देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या दिवशी सगळ्या बायका जमल्या. बुधरी मागं मागं राहत होती. पण रिनानंच तिला पुढं बोलावलं, बाळ तिच्या हातात दिलं आणि सांगितलं की पहिला आशीर्वाद मोठीमायचाच. नाही म्हणायची सोय उरली नाही. बुधरीनं बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. गोबरे गाल, दाट जावळ. सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या, रिनाकडे. तिच्या ओठांवर आशीर्वाद होता आणि आत एकच वाक्य फिरत होतं: हिलाच सगळं, हिलाच सगळं.

पुढच्याच आठवड्यात बाळानं दूध सोडलं. छातीला लावलं की तोंड फिरवायचं आणि किंचाळायचं. रिनाचे स्तन भरून ठणकत होते आणि लेकरू सुकत चाललं होतं. हे ऐकलं तेव्हा बुधरी जंगलात मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होती. तिची टोपली तिथंच राहिली. गाय आटली होती, आता हे लेकरू. तिनं बघितलं आणि नजर लागली.

आता तिनं करावं काय? सगळ्यांना सांगितलं की बाळाला माझी नजर लागली, तर ती मिरवत होती ते पहिलेपण त्याच दिवशी मातीत. जिनं कुर्माघर सोडलं तीच नजर मानते, असं सुकरी टोलाभर सांगेल. आणि रिनाला काय वाटेल? नाही सांगितलं, तर लेकराचा जीव. बुधरी वाईट नव्हती, नुसती हेवेखोर होती, आणि या दोन्हींत फरक आहे. लेकराला काही व्हावं असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून तिनं तिसरा मार्ग काढला. कुणाला कळू न देता आपली लावलेली नजर आपणच काढायची, म्हणजे लेकरूही वाचेल आणि मानही. कमरेच्या गाठीत तिनं मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या बांधल्या आणि रिनाच्या घरी गेली.

संधी शोधावी लागली नाही. रिना रडून रडून थकली होती. अंकुश मोह विकायला गेला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. बुधरीला बघून तिला हायसं वाटलं. आरोग्याचं बघणारी आशाताई दुर्गा पलीकडच्या टोल्यात आली आहे, तिला बोलावून आणते, तोवर दिव्यानीला बघा म्हणाली आणि लेकरू बुधरीच्या मांडीवर ठेवून धावत गेली.

बुधरीनं गाठ सोडली. मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन बाळावरून डोक्यापासून पायांपर्यंत ओवाळल्या. आजीचे जुने शब्द ओठांवर आले. ते म्हणायची लाज वाटली म्हणून त्यांच्या जागी येशूचं नाव घ्यायला गेली, त्याची तर आणखीच लाज वाटली. शेवटी काहीच न बोलता तिनं मूठ चुलीत टाकली आणि वास घेत बसली. कारण नियम सगळ्यांना माहीत आहे: नजर लागलेली असली तर मिरच्या कितीही जळोत, ठसका येत नाही. ठसका येतो तो नजर नसली तरच.

मिरच्या तडतडल्या. आणि असा ठसका उठला की विचारू नका. बुधरीचा घसा धरला, डोळ्यांतून धारा लागल्या, बाळ शिंकून शिंकून लाल झालं, आढ्यावरचं मांजर उडी मारून पळालं. घरभर धूर. बुधरी खोकत होती आणि खोकता खोकता तिला कळत होतं की या ठसक्याचा अर्थ काय. नजर लागलीच नव्हती. ज्या नियमावर ती लहानपणापासून विसंबली होती त्याच नियमानं सांगितलं की बुधरीबाई, तुझ्या डोळ्यांत काही नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला अपमान झाल्यासारखं वाटलं.

दारात रिना उभी होती, पदर नाकाला लावून. तिनं चूल पाहिली, बुधरीच्या लुगड्याची सुटलेली गाठ पाहिली, मोहरीचे सांडलेले दाणे पाहिले. घुग्घुसला काय नजर काढत नाहीत? तिला सगळं समजलं. ती एवढंच म्हणाली, "आधी लेकराले बाहेर आना, मोठीमाय."

मागोमाग दुर्गा आली. अंगणात बाळाला मांडीवर घेऊन तिनं मोबाईलच्या उजेडात तोंड उघडून पाहिलं. जिभेवर, गालांच्या आत पांढरा थर. तोंड आलं होतं बाळाचं, चोखताना झोंबत होतं, म्हणून दूध घेत नव्हतं. उपकेंद्रातलं जांभळं औषध लावायचं, स्तन स्वच्छ ठेवायचे, दूध पिळून चमच्यानं पाजत राहायचं, की होईल बरं. मग दुर्गाला खोकला आला. घरात कुणी कशाची नजर काढली की काय, असं तिनं विचारलं.

"चटणीसाठी मिरच्या भाजत होती मी," रिना म्हणाली. "ध्यान नाई राह्यलं, जळल्या."

दुर्गानं तिला बाळंतिणीनं एवढं तिखट खाऊ नये म्हणून झापलं आणि ती निघून गेली. रिनानंही नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बुधरीला चहा दिला.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. दुसरी कुणी असती तर रिनाच्या पाया पडली असती. बुधरी घरी परतली ती एका नव्याच आनंदात. रिना खोटं बोलली होती! सगळ्यांच्या समजुती सोडवणारी, वचन तोंडपाठ असणारी रिना, लोण्याच्या गोळ्यासारख्या तोंडानं आशाताईसमोर धडधडीत खोटं बोलली, आणि बुधरीनं ते कानांनी ऐकलं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं. बुधवारी आपण काहीतरी असं बोलायचं की सगळ्यांना कळेल, असे मांडे ती मनात खात राहिली. मग तिच्या लक्षात आलं की ते खोटं उघडं करायचं तर मिरच्या कुणी टाकल्या तेही सांगावं लागेल. रिनानं तिला क्षमाही अशी केली होती की तिच्या हातात काहीच राहू दिलं नव्हतं. क्षमा करायचं भाग्यसुद्धा हिलाच मिळावं, या विचारानं ती पुन्हा पेटली.

बुधवार आला. दिव्यानी पोटभर दूध पिऊन, जांभळे ओठ घेऊन आईच्या मांडीवर झोपली होती. रिनानं बायबल उघडलं नाही. म्हणाली की आज वाचण्याआधी तिला काही सांगायचं आहे: या आठवड्यात ती एकदा खोटं बोलली, का बोलली ते ती सांगणार नाही, पण देवासमोर ते खोटंच होतं, आणि तिला ते बोचतं आहे. तिनं बुधरीकडे पाहिलंसुद्धा नाही. सुकरीनं डोळे पुसले. तरुण सुना पुढं सरकून रिनाचा हात धरून बसल्या. केवढं निर्मळ मन पोरीचं, एक म्हणाली.

म्हणजे पाप केलं तरी वाहवा हिचीच. बुधरीला हे सोसलं नाही. ती उठून उभी राहिली. तिला पश्चात्तापानं उठवलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती हेव्यानंच उठली. माझं पाप हिच्याहून मोठं आहे, असंच काहीसं तिच्या मनात होतं. उभी राहिल्यावर मात्र बसता येईना.

"मिरच्या मी टाकल्या चुलीत," ती म्हणाली. "रिनानं माह्यासाठी लबाडी केली. मले वाटलं पोरीले माही नजर लागली."

मग तिनं सगळं सांगितलं: मावशीची गाय, पायांकडे बघणं, हातात बाळ घेऊन आशीर्वाद देताना आत काय चाललं होतं ते. ठसक्याचं ऐकताना सुकरीला हसू आवरेना, मग सगळ्याच हसल्या, बुधरीही थोडी हसली. पहिली पहिली म्हणून ज्या खांबाला ती टेकायची त्याला धरून ती आता उभी होती, आणि कुणी तिला खाली बस म्हटलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर सुकरी म्हणाली की मग आज बुधरीची समजूत सुटली म्हणायची, नजर सुटली. बायका तसं म्हणायला लागल्याही. बुधरीनं मान हलवली.

"नजर सुटली," ती म्हणाली. "ते खोटी होती, सुटली. पन हेवा खोटा नाई ना व. तो खराच हाय. तुह्या पुस्तकानं जे खोटं हाय ते सुटते. जे खरं हाय मनात, ते मी कसं सोडू?"

हे तिनं रिनाला विचारलं होतं. रिनानं बायबल उघडलं. राहेलीनं बहिणीचा हेवा केला ते तिला ठाऊक होतं, मत्सरानं हाडं कुजतात तेही. ती पानं उलटत राहिली. मग तिनं पुस्तक मिटलं.

"मले नाई माहीत, मोठीमाय," ती म्हणाली. "तुमीच प्रार्थना करा आज."

बुधरीनं डोळे मिटले. मग ती बोलली, गोंडीत नाही, मराठीत, म्हणजे रिनाला समजावं म्हणून.

"देवा, रिनाचं भलं कर. इच्या लेकराचंही कर. मले अजून मनातून तसं वाटत नाई. तरी तू कर."

बायकांनी आमेन म्हटलं. रिनाला म्हणायला जरा वेळ लागला.